तीन फूट भराव

चेन्नईत आल्यावर पहिली काही वर्षं मी मृग पाळला. म्हणजे जूनचा पहिला आठवडा उजाडला की माझे हात शिवशिवायला लागायचे. आमच्या माणदेशात मृग लागला की झाड लावायचं, हे कुणाला शिकवावं लागत नाही. वडील शाळामास्तर होते, त्यांनी शाळेच्या पटांगणात लावलेले कडुनिंब अजून उभे आहेत. इकडे जूनमध्ये आभाळ पांढरंफटक असतं, डांबर चपलेला चिकटतं आणि खरा पाऊस यायला चार महिने असतात. ऑफिसातले तमिळ सहकारी म्हणायचे, ऑक्टोबरात लाव की. मी ऐकून घ्यायचो आणि जूनमध्येच लावायचो. दुसऱ्याच्या गावात राहून पंचांग मात्र आपलंच चालवायचं, असा माझा खाक्या होता.

वेलचेरीत आमच्यासारखी पंधराएक मराठी कुटुंबं आहेत. कुणी सॉफ्टवेअरमध्ये, कुणी अंबत्तूरच्या गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात. महिन्यातून एका रविवारी आम्ही जमतो. या गटात मला सगळे ‘झाडवाला’ म्हणत. चिडवायचे, पण मला ते आवडायचं, हे लपवण्यात अर्थ नाही. कुणी गच्चीत परदेशी शोभेचं रोप लावलं की मी त्याची तासभर हजेरी घ्यायचो. गुलमोहराशी तर माझं हाडवैर. देशी झाड लावा, देशी. पळस, बहावा, आपटा, शिवण, सगळी यादी मला तोंडपाठ होती. ती यादी आमच्याकडच्या माळरानांची आणि डोंगरउतारांची होती, आणि मी राहत होतो एका तळ्याच्या काठावर. ही गोष्ट मला दिसत असूनही दिसली नाही.

आमच्या इमारतीच्या मागं एक खोलगट तुकडा आहे. पूर्वी मोठा तलाव होता, त्याचा कोपरा उरलेला. सरकारी पड जमीन. इकडे अशा जागेला पोरंबोक म्हणतात, आणि तो शब्द लोक शिवीसारखाही वापरतात. मी ती जागा पहिल्यांदा नीट पाहिली ती मे महिन्यात. तळ भेगाळलेला, त्यात प्लॅस्टिक अडकलेलं, डास, आणि मधोमध तीसेक वाकडीतिकडी झाडं. कडेनं करंज, दोन थोराड अर्जुन, एक जांभूळ, आणि कुंपणाला खेटून केवड्याचं काटेरी बन. एवढं मी ओळखलं. मधली झाडं मात्र मला ओळखता येईनात. करड्या खोडांची, फांद्या खाली झुकलेल्या, आणि प्रत्येक खोडावर कमरेच्या उंचीला एक काळपट रेघ. मला झाड ओळखता आलं नाही की मी त्याला ‘रानटी’ म्हणून मोकळा व्हायचो. झाडवाल्याला विचारायची लाज वाटते.

ती झाडं पाहून सांगणारी व्यक्ती आमच्याच इमारतीत तळमजल्यावर राहत होती. सत्तरी ओलांडलेल्या, एकट्या, मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांचं घराणं तंजावरचं, तीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेल्या मराठ्यांपैकी. मी पहिल्या दिवशी त्यांना मावशी म्हणालो, तर म्हणाल्या, “मावशी नक्को. अक्का म्हणा.” मग त्या सगळ्या गटाच्या अक्का झाल्या. आमच्या बायकांच्या हळदीकुंकवाला त्या न चुकता यायच्या, कोपऱ्यात बसायच्या आणि आमच्या गप्पा तोंडात खडीसाखर धरल्यासारख्या ऐकायच्या.

त्यांची मराठी ऐकून आम्हाला गंमत वाटायची. जुने, आम्ही कधीच टाकून दिलेले शब्द, मध्येच तमिळ, आणि वाक्याच्या शेवटी वर चढणारा तमिळ हेल. “काय करूलालां?” म्हणजे काय करताय. “हिंगड बस्सा” म्हणजे इकडे बसा. घरी परत आलो की आम्ही ते शब्द घोळवून हसायचो. माझी नक्कल सगळ्यात हुबेहूब असायची. घरच्या घरी चालतं, असं मला वाटायचं.

पहिल्या जूनमध्ये आम्ही त्या खोलगट जागेत साठ रोपं लावली. गावाकडून येणाऱ्या एका मित्राच्या गाडीतून मी ती मागवली होती. चार महिने आम्ही पाळीपाळीनं कॅनमधून पाणी घातलं. ऑक्टोबरच्या शेवटी पाऊस आला आणि दहा दिवसांत त्या जागेत कमरेएवढं पाणी उभं राहिलं. आमची साठच्या साठ रोपं पाण्याखाली गेली. पळसाची काही उपटून वर आली आणि प्लॅस्टिकच्या पिशव्यांबरोबर तरंगत राहिली.

मधली ती वाकडी झाडं मात्र पाण्यात निवांत उभी होती. पाणी बरोब्बर त्या काळपट रेघेपर्यंत आलं होतं. अक्कांच्या मागच्या खिडकीतून ते सगळं समोर दिसायचं. त्यांनी मला एकदा बोलावून दाखवलंही. खोडांच्या मधून पाणकोंबड्या चालल्या होत्या, कडेला लव्हाळं आणि पाणकणीस तरारलं होतं, करंजाच्या फांदीवर रातबगळे बसले होते. पाणी हिरवट असलं तरी त्याला वास नव्हता. “समुद्रपळम्,” त्या मधल्या झाडांकडे बोट करून म्हणाल्या. “सा म्हैने पाण्यांत, सा म्हैने उन्हांत. त्यास दोनी पायजे.” मी हो हो म्हणालो. माझं लक्ष माझ्या मेलेल्या पळसांकडे होतं.

या झाडाला आमच्याकडे निवर म्हणतात आणि कोकणात, ओढ्यांच्या काठानं ते कितीतरी ठिकाणी आहे, हे मला फार उशिरा कळलं. म्हणजे ज्या देशीपणाच्या नावानं मी घसा कोरडा करत होतो, ते समोर पाण्यात पाय सोडून उभं होतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

साठ रोपं बुडाल्यावर शहाण्या माणसानं काय धडा घेतला असता? की ही जागा पाण्याची आहे. मी धडा घेतला तो असा, की जागा खोल आहे, ती उंच करायला हवी. दोन गल्ल्या सोडून एका नव्या इमारतीच्या तळघराचं खोदकाम चाललं होतं आणि तिथल्या मुकादमाला माती टाकायला जागा हवी होती. मी हवी तेवढी घेतो म्हणालो. तो इतका खूश झाला की ट्रक आणि जेसीबी त्यानंच पाठवले. पड जागेत माती टाकायला कुणाची परवानगी लागते का, हे मी कुणाला विचारलं नाही आणि मलाही कुणी विचारलं नाही. इमारतीच्या रहिवाशांच्या सभेत मी उभा राहून सांगितलं की डास जातील, साप जातील आणि मागं बाग होईल. सगळ्यांनी हात वर केले.

अक्कांचा हात मात्र काही विचारायचं असल्यासारखा अर्धाच वर आला. सभा संपल्यावर त्या माझ्यापाशी आल्या. “तिंगड माती घालूं नक्का,” म्हणाल्या. “ऐप्पसीत पाणी येतें, तें तिंगडच बसतें. त्याचें घर तें. घर भरलें तर पाणी कुठें जायचें?” ऐप्पसी म्हणजे तमिळ महिना, आपल्या आश्विन-कार्तिकाच्या आसपासचा. एवढं सरळ बोलणं. त्याहून सरळ मला आजवर कुणी काही सांगितलेलं नाही. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, “अक्का, तुम्ही काळजी करू नका, मी सगळं बघितलंय.” मी काहीही बघितलेलं नव्हतं. खरं सांगायचं तर त्या बोलत असताना मी अर्थ ऐकतच नव्हतो, नकलेसाठी हेल टिपून घेत होतो.

दुसऱ्या जूनमध्ये भराव पडला. तीन फूट. जेसीबीवाल्यानं मधल्या झाडांच्या बुंध्यांभोवतीही माती लोटली आणि वरून चाक फिरवून दाबली. खोडांवरच्या काळपट रेघा मातीखाली गेल्या. त्या दिवसांत त्या झाडांना फुलं होती. लालभडक, लांब लोंबत्या माळांसारखी. संध्याकाळी उमलायची आणि सकाळी खाली गळून पडायची. नव्या मातीवर त्यांचा लाल सडा पडला होता, आणि त्यावरून आमचा पंधरा कुटुंबांचा मेळावा चपला घालून फिरत होता.

तो लागवडीचा रविवार मला मिनिटामिनिटासकट आठवतो. पोरांच्या हातात ‘देशी झाडे लावा’ असे फलक. पोह्यांचं मोठं पातेलं. अक्कांनी सगळ्यांसाठी कॉफी केली होती, पंधरा-वीस स्टीलचे पेले. खड्डे घेऊन झाले, रोपं लागली, सगळे घामाघूम होऊन सावलीत उभे होते. कुणीतरी विचारलं, इथं पावसात पाणी येतं ना रे? आणि मी उचलली जीभ लावली टाळ्याला. मान हलवत, हात झुलवत, आवाज बारीक करून मी म्हणालो, “तिंगड माती घालूं नक्का! ऐप्पसीत पाणी येतें!” सगळे खो खो हसले. दाद मिळाली म्हणून मी ते आणखी एकदा केलं, जरा जास्त हेल काढून.

माझ्या मागं दहा पावलांवर अक्का पेल्यांचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. मी वळलो तेव्हा त्या हसत होत्या. त्यांनी मला कॉफी दिली. घरी आल्यावर बायको म्हणाली, “ऐकलं त्यांनी.” मी म्हणालो, “छे, त्यांना कमी ऐकू येतं.” अक्कांना व्यवस्थित ऐकू येत होतं. खिडकीतून पक्ष्याच्या नुसत्या आवाजावरून तो कोणता ते त्या मला सांगायच्या.

नोव्हेंबरात चार दिवस सलग पाऊस झाला. फार मोठा म्हणावा असा नाही; याहून मोठे या शहरानं कितीतरी पाहिलेत. दरवर्षी हे पाणी मागच्या खोलगटात जाऊन बसायचं. त्या वर्षी तिथं माझी बाग होती. चौथ्या दिवशी सकाळी सहाला मी दूध आणायला खाली उतरलो, तर शेवटच्या चार पायऱ्या पाण्याखाली. अक्कांचं दार उघडं होतं. त्या पलंगावर पाय वर घेऊन बसल्या होत्या आणि त्यांच्या चपला खोलीतल्या खोलीत तरंगत होत्या. तांदळाचा डबा आडवा झाला होता. फ्रिज एका बाजूला कलला होता. मी त्यांना पाठुंगळी घेऊन जिना चढलो. वजन काहीच नव्हतं. पूर्ण तीन मजले त्यांनी माझा खांदा घट्ट धरला होता.

आमच्याकडे त्या पाच दिवस राहिल्या. मी वाट पाहत होतो की त्या म्हणतील, मी सांगितलं होतं. त्या म्हणाल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. भांडता आलं असतं, निदान माफी मागता आली असती. त्यांनी बायकोबरोबर भाजी निवडली, मुलीचा विज्ञानाचा अभ्यास घेतला. माझ्याशी बोलायचं झालं तर दोन शब्द, तेही इंग्रजीत: थँक यू, गुड नाइट, नो प्रॉब्लेम. मला वाटलं थकल्या असतील. दुसरं काही मला वाटून घ्यायचंच नव्हतं. मीही तोंड उघडलं नाही. पाहुणीला आपणच बुडवलं आणि वर आपणच उपकारकर्ते, अशी माझी गत होती. शेजारी येऊन सांगून जायचे, तुम्ही होतात म्हणून बरं झालं हो. मी मान खाली घालायचो, आणि लोकांना तो विनय वाटायचा.

याहून लाजेची गोष्ट पुढची आहे. जानेवारीत आमच्या गटाचं तिळगुळाचं संमेलन झालं आणि त्यात माझा सत्कार ठरला. शाल, श्रीफळ, ‘परक्या मुलखात देशी झाडं जगवणारे’ असा गौरव. अक्कांच्या घराच्या भिंती तेव्हा ओल्याच होत्या. रंगाचे पोपडे गळत होते. मला नको म्हणता आलं असतं. आदल्या संध्याकाळी मी नको म्हणायचं ठरवलंही होतं. पण नको म्हटलं तर का नको ते सांगावं लागलं असतं. म्हणून मी शाल अंगावर घेतली, नारळ हातात घेतला आणि छोटंसं भाषणही केलं. त्या वर्षी अक्का तिळगूळ घ्यायला आल्या नाहीत.

मार्चमध्ये मधली झाडं पिवळी पडायला लागली. आधी शेंडे, मग फांद्या. एरवीही त्यांची पानगळ होते, म्हणून मी स्वतःची समजूत घातली. एप्रिलमध्ये नवी पालवी आली नाही. तेव्हा मी पहिल्यांदा त्या झाडांविषयी वाचायला बसलो. दोन वर्षं उशिरा. कळलं ते असं: ही झाडं महिनोन्महिने पाण्यात उभी राहतात, त्यांच्या खोडांना आणि मुळांना त्याची सवय असते. पाणी येतं तसं जातंही, आणि मुळांना पुन्हा हवा मिळते. दाबलेली माती मात्र कुठंच जात नाही. त्याखाली मूळ गुदमरतं, गाडलेलं खोड कुजतं. आणि या झाडांबरोबर त्यांच्या पायाशी असलेलं सगळंच जातं, लव्हाळं, पाणकणीस, केवडा, पाणकोंबडी. ही माणसांच्या वाड्यावस्त्यांसारखी एकमेकांना धरून राहणारी मंडळी. मी त्या वस्तीवर भराव टाकला होता आणि वर पाहुणी रोपं लावून टाळ्या घेतल्या होत्या.

मी फावडं आणि घमेलं घेऊन एका बुंध्याशी खणायला बसलो. वीतभर खणल्यावर ती काळपट रेघ सापडली. बोटानं दाबली तर साल ओल्या पुठ्ठ्यासारखी आत गेली. मी तिथंच बसून रडलो. चाळिशीचा माणूस, भर सकाळी. पलीकडून लोकलगाडी जात होती, तिच्यातल्या लोकांना दिसत असणार.

पुढच्या रविवारी मी गटाला बोलावून सगळं सांगितलं. झाडांचं सांगितलं, नकलेचं नाही सांगितलं. पहिल्यांदा सात जण आले, मग तीन, मग मी आणि बायको. पावसाळ्यापर्यंत आम्ही नऊ झाडांचे बुंधे मोकळे केले आणि पाणी यायला एक चर खणला. माझे पळस-बहावे मी स्वतः उपटले. जी चार-दोन जगली होती ती ऑफिसच्या कुंपणाशी, कोरड्या उंचवट्यावर नेऊन लावली. नऊपैकी चार झाडांना बुडाशी फुटवा आला. बाकीची पंचवीसएक गेली. तीन फूट माती चार दिवसांत पडली होती. काढायला किती वर्षं लागतील ते मला माहीत नाही.

दरम्यान अक्कांनी घर विकलं. लेक त्यांना अण्णा नगरला घेऊन गेली, तिसऱ्या मजल्यावर. जाताना त्यांनी माझ्या मुलीला आपलं भिंग दिलं, बायकोला लोणचं दिलं, आणि मला हात जोडले.

तिकडे जायला मला सात महिने लागले. मेट्रोत मी वाक्यं घोकत होतो. झाडांची माफी, घराची माफी, आणि मग त्या रविवारची. लेकीनं दार उघडलं. आतून अक्कांचा आवाज येत होता. तंजावरच्या बहिणीशी फोनवर बोलत होत्या. मोकळ्या, मोठ्या आवाजात, खळखळून हसत. त्या दहा-बारा वाक्यांत मला अर्धंच कळलं, पण असं भरभरून बोलताना मी त्यांना आमच्यात कधीच ऐकलं नव्हतं. मी खोलीच्या दारात आलो. त्यांनी मला पाहिलं, फोनवर हळूच काहीतरी म्हणाल्या, आणि तो ठेवला.

“कम, कम,” म्हणाल्या. “प्लीज सिट.”

मी बसलो आणि घोकलेलं सगळं बोललो. चार झाडं जगल्याचं सांगितलं, तेव्हा त्यांनी डोळे मिटून मान हलवली. घराचं सांगितलं. मग खाली बघत नकलेचं सांगितलं. त्यांनी पदर सारखा केला. मग म्हणाल्या, “इट इज ऑल राइट. यू आर लाइक माय सन.” त्यांनी मला खरंच माफ केलं होतं, चेहऱ्यावर कुठं कडवटपणा नव्हता. मला वाटलं, सुटलो.

“अक्का,” मी म्हणालो, “माझ्याशी मराठीत बोला ना.”

“नो, नो,” त्या हसून म्हणाल्या. “माय मराठी इज नॉट गुड.”

मग त्यांनी लेकीला माझ्यासाठी कॉफी आणायला सांगितली. ते मराठीतच सांगितलं. पण तिला जवळ बोलावून, कानाशी वाकून, मला ऐकू जाणार नाही अशा आवाजात.